नभोमंडळातील इनामे



ज्या जिल्ह्यात उल्केने काळ्या बेसाल्टावर घाव घालून लोणारचे सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर कोरले आणि मेहकरात वकिली करता करता ना. घ. देशपांडे यांनी काव्यसाधना केली, त्या बुलढाणा जिल्ह्याच्या वतीने या साहित्य संमेलनात आपले स्वागत करताना, पाहुण्यांपुढे गावचे वैभव मिरवण्याचा स्वागताध्यक्षाचा वहिवाटीचा हक्क मी आज जरा वर, नभोमंडळात, बजावणार आहे.

१७८७ साली विल्यम हर्शेलने युरेनसचे दोन उपग्रह हेरले. ग्रहाला आपल्या राजाचे, तिसऱ्या जॉर्जचे, नाव द्यावे ही त्याची मनीषा; परंतु ती सनद युरोपातील इतर ज्योतिर्विदांनी मान्य केली नाही. पुढे १८५२ मध्ये त्याचा पुत्र जॉन याने तोवर चार झालेल्या उपग्रहांच्या बारशासाठी राजघराण्याची वंशावळ न चाळता शेक्सपिअर आणि पोप यांचे ग्रंथ उघडले आणि टायटानिया, ओबेरॉन, एरिअल, अम्ब्रिएल ही नावे कायम झाली. राजाला जे लाभले नाही ते कवींना इनाम मिळाले, याचा साहित्याचा पक्षपाती या नात्याने मला अंमळ आसुरी आनंद होतो.

१९८६ मध्ये 'व्हॉयेजर-२' यानाने टिपलेल्या छायाचित्रांत आणखी चंद्र गवसले. त्यांतील कॉर्डेलिया आणि ऑफेलिया या शोकनायिका ग्रहाच्या एका कड्याच्या दोन्ही अंगांनी फिरत त्यातील खडे विखुरू देत नाहीत. तिसरी डेस्डेमोना. तिला गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० च्या 'झुंझारराव' नाटकात कमळजा केले; आणि कमळजादेवीचे देऊळ तर आमच्या लोणारच्या सरोवरकाठी उभे आहे! हा निव्वळ योगायोग. कृपया त्यावर कोणी प्रबंध लिहू नये.

आपले दप्तरही अगदीच कोरे नाही. शुक्रावर पंडिता रमाबाई 'मेधावी' या नावाने आणि डॉ. आनंदीबाई 'जोशी' या नावाने विवररूपाने आहेत. बुधावर व्यास, वाल्मीकि, कालिदास आहेत. मंगळावरील एका विवराचे नाव चक्क लोणार आहे. युरेनसचा मुलूख शेक्सपिअर-पोपांच्या इजाऱ्यात गेला. बुधाच्या विवरांना मात्र, ज्यांची थोरवी पन्नास वर्षांहून अधिक काळ मान्य झाली अशा दिवंगत लेखक-कलावंतांची नावे देण्याचा प्रघात आहे. तेव्हा नेहमीच्या ठरावांच्या गर्दीत एक ठराव हाही असावा, की आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाकडे मराठी कवींची यादी जीवनवृत्तांसह रवाना करावी. आणि ती सिद्ध करताना वऱ्हाडचा हिस्सा नेहमीप्रमाणे पुण्या-मुंबईच्या खाती जमा होणार नाही, एवढी दक्षता घ्यावी.