अंगठा घेतला, संमती घेतली का?

(प्रतापनगर येथे मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. बी.कॉम. करून बँकेत लागलेला कारकून आहे. पण अंगठ्याच्या ठशाबद्दल मला थोडेफार कळते, आणि आजचा विषय अंगठ्याचाच आहे.

सही न करता येणारा आजारी खातेदार अंगठा उठवून पैसे काढतो, तेव्हा दोन साक्षीदार लागतात. त्यांतला एक बँकेचा अधिकारी. कर्जाचा कागद असेल तर तो त्याच्या भाषेत समजावून सांगितल्याची नोंद करावी लागते. पैशासाठी एवढी काळजी! मुलीच्या दंडात सुई टोचताना किती घेतली गेली?

आपल्या प्रतापनगर स्टेशनातून गाडीत बसले की डभोई येते. 2009 च्या ऑगस्टमध्ये डभोई, शिनोर आणि आदिवासी कवांट या तालुक्यांत 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देणे सुरू झाले. 'पाथ' ही अमेरिकन संस्था, आयसीएमआर आणि राज्य सरकार यांचा हा प्रकल्प. तेव्हाच्या आंध्रातील खम्मम जिल्ह्यातही तो चालू होता. दोन्हीकडे मिळून सात मुली दगावल्या आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबले.

हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशी समितीला आढळले नाही. कोणी पाण्यात बुडाली, कोणाला साप चावला. लस वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. आता ती पुण्यातही बनते. माझा प्रश्न कागदाचा आहे. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात खम्ममचे आकडे दिले. 9,543 संमतिपत्रांपैकी 1,948 वर अंगठे आणि 2,763 वर चक्क वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या! आई-बाप कुठे होते? समितीने 'पाथ'वर कायदेशीर कारवाईची शिफारस केली. त्याआधीच, 2012 मध्ये, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. संसदीय समितीचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते की नाही, एवढे ठरायलाच 2018 साल उजाडले.

आता फौजदारी कायदा पाहा. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर पूर्वी 304-अ, आता न्याय संहितेचे 106 वे कलम. त्यातही 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितले की डॉक्टरवर गुन्हा ठरायला निष्काळजीपणा घोर हवा. ते योग्यच आहे, नाहीतर कोण सुई हातात धरील? पण पकडला जातो तो शेवटचा हात. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. तिघा कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. चूक गंभीरच होती. मात्र डभोई-खम्ममसारखी चूक टेबलावर होते, आणि टेबलाला कोणी हात लावत नाही.

आणि आपण? सांगायला लाज वाटते. माझ्या मुलीच्या शाळेतून इंजेक्शनचा इंग्रजी फॉर्म आला, "उद्या सही करून पाठवा." सकाळच्या घाईत, डबा भरता भरता मी सही केली. संध्याकाळी बायकोने विचारले, "कसले इंजेक्शन हो?" मला सांगता येईना. दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचून दाखवणारा मी! माझी ती सही आणि कवांटच्या बापाचा अंगठा, फरक काय राहिला?

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ते प्रजेने असे अंगठे उठवावेत म्हणून नव्हे.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की लस घेण्याची कोणावर सक्ती करता येत नाही. मग विचारणे हा आपला हक्क आहे. मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे या मागण्या ठेवा. फॉर्म घरच्या भाषेत, आठ दिवस आधी मिळावा. सही फक्त पालकाची असावी. अंगठा असेल तर वाचून दाखवणाऱ्याचे नाव खाली असावे. आणि चूक झाली तर चौकशी नर्सबाईंपाशी न थांबता फॉर्म काढणाऱ्या साहेबापर्यंत जावी.

लस जरूर टोचून घ्या. वाचून घ्या, मग टोचून घ्या.