धूळ, पेशी आणि निरोप



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवरच बोलणार, असे आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. आज मी शरीरातील पेशींविषयी बोलणार आहे. माझे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढले सारे वाचनालयात आणि डॉक्टरांना प्रश्न विचारून झाले. परंतु कामगाराच्या छातीत काय घडते हे कळल्यावाचून त्याची बाजू मांडता येत नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी पाटीवर पेन्सिलीने श्रीगणेशा गिरवला असेल. अशा पेन्सिली मध्य प्रदेशातील मंदसौर भागात दगड कापून तयार होत. त्या कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका, म्हणजे गारेचे बारीक कण असत. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तेथील कामगारांची तपासणी केली, तेव्हा ऐन तारुण्यातील माणसांना सिलिकोसिस झालेला आढळला. आपण अक्षरे शिकलो, त्यासाठी कोणाचा तरी श्वास खर्ची पडला.

आता छातीच्या आत पाहू. हाताला जखम झाली की खपली धरते, ती पडते आणि मागे वण राहतो. हे काम तंतू विणणाऱ्या पेशी करतात. कोलॅजन हा त्यांचा धागा. जखम भरली की त्यांनी थांबावयाचे असते. त्या थांबल्या नाहीत, तर मऊ अवयवात घट्ट जाळे माजते. यालाच फायब्रोसिस म्हणतात. दारूने किंवा काविळीच्या विषाणूंनी यकृत आक्रसते त्याच्या मुळाशी हेच असते, आणि मूत्रपिंड व हृदय यांतही ते घडते. १९७१ साली जिनिव्हाच्या गाब्बियानी यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जखमेतील एका खास पेशीचे वर्णन केले. ती धागे विणते आणि स्नायूप्रमाणे आवळतेही. तिचे नाव मायोफायब्रोब्लास्ट.

हिला ‘कामाला लाग’ असे सांगतो कोण? येथे विकरे, म्हणजे एन्झाइमे येतात. पेशीतील कारभार आपल्या कचेरीसारखा चालतो. कागदावर शिक्का बसला की तो पुढे सरकतो. कायनेज नावाची विकरे प्रथिनांवर फॉस्फेटचा शिक्का मारतात आणि फॉस्फेटेज तो पुसतात. १९५५ साली सिएटल येथे एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांनी स्नायूतील एका विकराच्या बाबतीत ही गोष्ट दाखविली. १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गारेचा कण फुफ्फुसाच्या वायुकोशात शिरला की तेथील भक्षक पेशी त्याला गिळते. जंतू असता तर तिने पचवला असता, पण दगड पचत नाही. तिच्या आतील पिशवी फुटते, कॅस्पेज-१ नावाचे विकर जागे होते आणि दाहाचा निरोप बाहेर पडतो. ती पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते. एक चक्र सुरू होते. या गोंधळात टीजीएफ-बीटा नावाचा निरोप्या निघतो. त्याला घेणारे तंतुपेशीवरील दार स्वतःच एक कायनेज आहे. ते स्मॅड नावाच्या प्रथिनांवर शिक्का मारते, ती पेशीकेंद्रात जातात आणि कोलॅजन विणण्याचा हुकूम सुटतो. लायसिल ऑक्सिडेज हे आणखी एक विकर त्या धाग्यांना एकमेकांशी गाठी मारते. मग फुफ्फुस ताठ होते. हा ताठपणाच आणखी टीजीएफ-बीटा मोकळा करतो, म्हणून धूळ थांबली तरी विणकाम थांबत नाही.

हे शास्त्र आमच्या लढ्यात कोठे येते, ते सांगतो. एका खाणमालकाच्या वकिलाने मला विचारले, “याने काम सोडून कितीतरी वर्षे झाली. आता दम लागतो, त्याला आम्ही काय करणार?” त्याचे उत्तर वरच्या साखळीत आहे. माणूस खाण सोडतो, पण कण त्याला सोडत नाही. सिलिकोसिस काम सुटल्यावरही वाढतो, आणि अशा छातीत क्षयही सहज घर करतो. पुष्कळदा नुसता क्षय म्हणूनच त्याची नोंद होते आणि भरपाईचा हक्क बुडतो.

मग औषध नाही का? शिक्का मारणारे हात धरणारी औषधे निघाली आहेत. निन्टेडानिब हे काही कायनेजांना अडवते. अज्ञात कारणाने होणाऱ्या फुफ्फुस-फायब्रोसिससाठी २०१४ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. ते ऱ्हासाचा वेग कमी करते, झालेला वण पुसत नाही. ऑटोटॅक्सिन या विकराला अडवणाऱ्या एका औषधाच्या मोठ्या चाचण्या मात्र २०२१ साली थांबवाव्या लागल्या. २०२५ साली फॉस्फोडायस्टरेज-४ या विकराला आवरणारे नेरँडोमिलास्ट आले. तेही आजार मंदावतेच. शास्त्रज्ञांचे श्रम थोर आहेत, आणि रुग्णाला मिळालेला प्रत्येक महिना मोलाचा आहे. परंतु हे निरोप शरीराला जखमा भरण्यासाठीही लागतात. ते सरसकट तोडता येत नाहीत, हीच खरी अडचण आहे.

तात्पर्य, साखळीची जी कडी निर्धोकपणे तोडता येते ती पेशीत नसून कामाच्या जागी आहे. दगड पाण्याने भिजवून कापावा, धूळ उगमापाशीच ओढून घ्यावी, छातीची नियमित तपासणी व्हावी. मंदसौरला धूळ ओढणारी यंत्रे बसल्यावर हवेतील धूळ पुष्कळ कमी झाली. ऑस्ट्रेलियाने स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या सिलिकायुक्त कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यातच हा आजार कळविणे बंधनकारक केले होते. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा आजार कोण कळविणार?

म्हणून विनंती एवढीच. आपल्या घरी फरशी किंवा ओटा बसेल, त्या दिवशी दगड कोरडा कापला जात आहे की पाणी सोडून, एवढे पाहावे. कोरडा असेल तर काम थांबवून पाण्याची नळी द्यावी. त्या कारागिराच्या छातीत निघणारा पहिला निरोप आपण तेथेच रोखू शकतो.