धुराचा हिशेब

हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास आरंभ केला, तेव्हा त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. आज ते ४२० च्या वर गेले आहे. हा वायू एका पावसाळ्यात धुऊन जात नाही. त्याचा काही अंश शतकानुशतके वातावरणात राहतो. म्हणून केवळ चालू वर्षाच्या धुराचा हिशेब पुरत नाही; मँचेस्टर आणि पिट्सबर्गच्या भट्ट्यांत पूर्वी जळालेला कोळसाही त्यात धरावा लागतो.

जबाबदारी सर्वांची, पण वाटा वेगवेगळा, हे तत्त्व १९९२ च्या करारात श्रीमंत राष्ट्रांनीही मान्य केले. २००१ साली अमेरिकेने क्योटो कराराकडे पाठ फिरविली. पुढे २००९ मध्ये कोपनहेगनला वचन दिले गेले, की २०२० पर्यंत विकसनशील देशांसाठी दरसाल १०० अब्ज डॉलर उभे केले जातील. तो आकडा गाठावयास २०२२ साल उजाडले, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा! ज्याने आग लावली त्यानेच बादलीभर पाण्यावर व्याज आकारावे, असा हा व्यवहार.

अर्थात, एवढ्याने चंद्रपूरच्या वीजकेंद्राचा धूर पवित्र होत नाही. कोळसा भारतालाही सोडावाच लागेल. पण मग खाणीतील कंत्राटी मजुराचे काय? कामगारांच्या न्याय्य स्थित्यंतराचा उल्लेख २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत आहे; तो प्रस्तावनेतच राहू नये. खाणीला टाळे लागण्यापूर्वी पर्यायी काम आणि निर्वाहभत्ता यांची लेखी हमी कामगार संघटनांनी आताच मागितली पाहिजे.