नांदेडचा होला महल्ला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास सांगितले तेव्हा मी म्हटले, माझी शाळा सातवीपर्यंतची, मी काय बोलणार? चिटणीसबाई म्हणाल्या, जे पाहिले ते सांगा. तेव्हा मागच्या धुळवडीला नांदेडात पाहिलेली घोड्यांची धाव सांगते.

लातूरहून नांदेडचा रस्ता आपल्या पायाखालचा. अहमदपूर, माळेगाव, लोहा. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला घोड्यांचा बाजार आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. पण त्याच रस्त्याने पुढे गेले की काय पाहावयास मिळते, हे मला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. नणंद नांदेडला दिलेली, तरी नाही! घरात एकच बोलणे, "ती शिखांची जत्रा, त्यात घोड्यांची पळापळ. बायकांचे तिथे काय काम?" शेवटी वन्संनीच हट्ट धरला आणि ह्यांनी एस.टी.त बसवून दिले.

गुरू गोविंदसिंगजी १७०८ साली नांदेडलाच निजधामास गेले. पुढे महाराजा रणजितसिंगांनी त्या जागी गुरुद्वारा बांधविला. होळीच्या दुसऱ्या दिवशी नुसता रंग न खेळता शस्त्रांचा सराव करावा, म्हणून गुरूंनी पंजाबात आनंदपूरला होला महल्ला सुरू केला. नांदेडला तो आजही होतो, आणि दसऱ्यालाही अशीच मिरवणूक निघते. रोज पहाटे गोदावरीचे पाणी घागरीने गुरुद्वाऱ्यात नेतात, हे ऐकून मला तर आपल्या कावडींचीच आठवण झाली.

वन्संच्या शेजारी एक शीख मावशी राहतात. त्याच आम्हाला घेऊन गेल्या. बोलणे ऐकाल तर थेट आपले मराठवाडी! म्हणाल्या, "आमच्या पिढ्या इथंच गेल्या, बाई. पंजाबात गेलं की आम्हालाच दख्खनचे म्हणतात." मी त्यांना पाहुण्या समजत होते, पाहुणी तर मीच होते.

मिरवणुकीत पुढे निशाणसाहेब, मागे कीर्तन, आणि मग गुरूंच्या पागेतले घोडे. अंगावर झुली, गळ्यात हार, पण पाठीवर स्वार कोणी नाही. हे घोडे गुरूंच्या घोड्याच्या वंशातले, अशी श्रद्धा आहे; म्हणून त्यांच्यावर कोणी बसत नाही. ठरल्या जागी सारे थांबले. अरदास झाली. एवढी गर्दी, पण मूल रडलेले ऐकू यावे अशी शांतता. आणि मग एकच आरोळी उठली, 'हल्ला!' नागव्या तलवारी उंचावून माणसे धावत सुटली. निशाण धावते आहे, घोडे धावताहेत, म्हातारेसुद्धा फेटा सावरीत पळताहेत. मावशी ओरडल्या, "भिंतीला धरून उभ्या राहा, वाटेत येऊ नका!" पायाखालची फरशी हादरत होती. मी भ्याले, खोटे कशाला सांगू! पण डोळे मिटले नाहीत.

घरी आल्यावर भाच्याने मोबाईलवर इटलीतल्या सिएना गावची शर्यत दाखविली. तीही सणाचीच, दरवर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला होते. गावात सतरा आळ्या, त्यांतल्या दहांचे घोडे धावतात. भर चौकात माती पसरतात आणि तीन फेऱ्या होतात. दीड मिनिटाच्या आत-बाहेर सारा खेळ आटोपतो. स्वार खोगिराशिवाय बसतात. आदल्या वेळी घोड्याला आळीच्या देवळात नेऊन आशीर्वाद देतात! स्वार पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी तो जिंकला. बक्षीस काय, तर रंगविलेले एक निशाण. पण तिथे एक आळी जिंकते आणि बाकीच्या रडतात. त्या दाटीच्या वळणांवर घोडे आपटतात, तेही मला पाहवले नाही. नांदेडच्या धावेत कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. मला विचाराल तर मला नांदेडचीच अधिक आवडली.

संध्याकाळी आम्ही लंगरात जेवलो. आमच्या पंक्तीला एक जमीनदारीण आणि एक भाजीवाली शेजारी शेजारी बसल्या होत्या. डाळ-रोटी वाढणारा मुलगा कॉलेजातला होता.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपली सहल दरवर्षी तुळजापूरला जाते, ती जावीच. पण येत्या होळीला नांदेडही धरावे. वन्संची माडी मोकळी असते. आठ-दहाजणींची निजण्याची सोय होईल. डोक्यावर पदर घ्यावा लागतो, तो आपण घेतोच. लहान मुले मात्र कडेवर घ्या, हात सोडू नका. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.