दाखल्यावर न आलेले कारण

(छाती व श्वसनविकाराच्या डॉक्टरांच्या राज्यस्तरीय अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



यंदाचे अधिवेशन चंद्रपूरला घ्यायचे ठरले तेव्हा बऱ्याच जणांनी ताबडतोब होकार कळवला. त्यातले निम्मे होकार ताडोबाला होते, हे मला ठाऊक आहे. जरूर जा. पण जाताना ऊर्जानगरच्या बाजूने जा, ही माझी विनंती. तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. भोवताली वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, घुग्घुस-राजुरा-कोरपना पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने, पलीकडे बल्लारपूरचा कागद कारखाना. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातले ८८ औद्योगिक पट्टे तपासले आणि ४३ पट्टे अतिप्रदूषित ठरवले. महाराष्ट्रातले पाच होते : चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. इथली वीज मुंबई-पुण्याचे दिवे लावते. राख मात्र इथेच राहते.

या हवेमुळे चंद्रपूरकराचे आयुष्य किती कमी होते? पत्रकार हा प्रश्न विचारतात आणि आपण एखादा आकडा सांगून मोकळे होतो. आज त्या आकड्याबद्दलच थोडे सविस्तर बोलावे म्हणतो. तो कुठून येतो, त्याच्यात काय दडलेले असते, आणि तो आपल्या स्वतःच्या कागदपत्रांतून का येत नाही.

भारतीयांसाठी दोन आकडे सर्रास वापरले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेला अभ्यास २०१८च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आला. त्यात २०१७ या एका वर्षात प्रदूषित हवेशी निगडित मृत्यू १२ लाख ४० हजार धरले होते, आणि हवा स्वच्छ असती तर सरासरी आयुर्मान १.७ वर्षांनी जास्त असते, असा हिशेब होता. दुसरीकडे शिकागो विद्यापीठाचा हवा-आयुर्मान निर्देशांक २०२३ साली ५.३ वर्षे म्हणाला. एक म्हणतो पावणेदोन, दुसरा सव्वापाच. मग विरोधक म्हणतात, शास्त्रज्ञांचेच एकमत नाही.

मतभेद आहे, पण प्रदूषण मारते की नाही याबद्दल तो नाही. वर्षे वेगळी आणि ‘स्वच्छ’ची व्याख्या वेगळी, हा त्याचा एक भाग. खरा फरक प्रदूषण आणि मृत्यू यांचे नाते दाखवणाऱ्या वक्राच्या आकारात आहे. शिकागोचा निर्देशांक सरळ रेषा धरतो : हवेतले सूक्ष्म कण (पीएम २.५) दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढले की सुमारे एक वर्ष वजा, मग तुम्ही २० वर असा की ९० वर. पहिल्या अभ्यासाचा वक्र सुरुवातीला ताठ चढतो आणि पुढे आडवा होत जातो. त्याच्या मते खूप घाण हवेत आणखी घाण मिसळल्याने तेवढे जास्त बिघडत नाही. हे ऐकायला दिलासा देणारे वाटते, पण त्याची दुसरी बाजू फार वाईट आहे. वक्र आडवा असेल तर ९० वरून ७० वर उतरणाऱ्या शहराला लगेच फार काही मिळत नाही. खरा लाभ अगदी खाली, चाळिसाच्या आणि विसाच्याही खाली आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला तेव्हा हवेतल्या कणांमध्ये २० ते ३० टक्के घट हे लक्ष्य होते, नंतर ते ४० टक्के झाले. एवढे करूनही वॉर्डातली गर्दी हटली नाही, तर ‘काही उपयोग होत नाही’ म्हणायला महापालिका मोकळ्या. म्हणून वक्राचा आकार हा संख्याशास्त्र्यांचा खाजगी वाद नव्हे, तो आपणही समजून घ्यायला हवा.

सरळ रेषेचा आधार चीनमधून आला. तिथे नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेच्या काळात सरकारने हुआई नदीच्या उत्तरेला हिवाळ्यात घरे तापवण्यासाठी फुकट कोळसा दिला, दक्षिणेला दिला नाही. बाकी माणसे, खाणेपिणे, हवामान नदीच्या दोन्ही तीरांवर साधारण सारखेच. असा प्रयोग कोणत्याही नैतिक समितीने मंजूर केला नसता. सरकारने तो नकळत करून ठेवला. २०१३ साली आलेल्या निबंधात उत्तरेकडचे आयुर्मान ५.५ वर्षांनी कमी निघाले. गणिती पद्धतीवर टीका झाली, ती बऱ्याच अंशी रास्त होती. २०१७ साली अधिक चांगल्या माहितीवर पुन्हा हिशेब झाला आणि फरक ३.१ वर्षांवर आला. आकडा खाली आला म्हणून मला त्या संशोधकांबद्दल जास्त विश्वास वाटतो.

त्याआधी अमेरिकेतल्या सहा शहरांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला होता. आठ हजारांवर प्रौढांचा चौदा-सोळा वर्षे पाठपुरावा. ओहायोतले स्टुबेनव्हिल हे पोलादाचे गाव आणि विस्कॉन्सिनमधले पोर्टेज हे स्वच्छ गाव, यांच्या मृत्युदरात धूम्रपान वगैरे वजा करूनही २६ टक्क्यांचा फरक. आपल्या विद्यार्थ्यांनी तो मूळ निबंध वाचावा. उलट दिशेचा पुरावाही अमेरिकेतच मिळाला : १९८० आणि १९९०च्या दशकांत जिथे पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने उतरले, तिथे आयुर्मान साधारण सात महिन्यांनी वाढले. गेलेली वर्षे परत मिळवता येतात, असे सांगणारा तो आकडा आहे.

आता सरासरीबद्दल. ‘पाच वर्षांनी आयुष्य घटते’ हे ऐकणाऱ्याला वाटते की प्रत्येकाच्या शेवटची पाच वर्षे कापली जातात. म्हातारपणातली वर्षे, गेली तर गेली, असेही काही जण मनातल्या मनात म्हणतात. तसे काहीच होत नाही. काहींचे फारसे काही जात नाही, काहींचे तीस वर्षांचे आयुष्य जाते, आणि एखाद्या बाळाचे सगळेच जाते. साधे गणित करा. शंभर बाळांतले एक पहिल्याच आठवड्यात दगावले, तर त्या शंभरांच्या सरासरीतून सत्तर शतांश वर्ष वजा होते. ऐंशीच्या घरातल्या एक आजी वर्षभर आधी गेल्या, तर एक शतांश. मातेने धूर घेतला की बाळ कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे जन्माला येते, हे आपले बालरोगतज्ज्ञ रोज पाहतात. पण त्या बाळाच्या कागदावर ‘अपुऱ्या दिवसांचा जन्म’ एवढेच लागते.

मोठ्यांचेही तेच. आपण छातीचे डॉक्टर असल्यामुळे हा विषय आपल्या मालकीचा समजतो. प्रत्यक्षात या हवेने मरणारे बरेच लोक आपल्या ओपीडीत येतच नाहीत. ते हृदयरोगतज्ज्ञाकडे, न्यूरोच्या वॉर्डात, किंवा थेट शवागारात जातात. अडीच मायक्रॉनहून लहान कण वायुकोशांपर्यंत पोहोचतात, तिथे दाह पेटवतात, त्यातले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. कोळसा वाहणारा पंचेचाळीस वर्षांचा डंपरचालक छातीत कळ येऊन जातो. दाखल्यावर हृदयविकाराचा झटका. त्याने बावीस वर्षे कोणत्या हवेत काढली, ते कुठेच नाही.

आणि इथेच आपल्याशी संबंध येतो.

डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की प्रदूषणामुळे आयुष्य कमी होते असे दाखवणारा एकही भारतीय अभ्यास नाही, उगाच भीती पसरवू नये. सरकारच्याच संशोधन परिषदेचा ज्यात सहभाग होता, तो अभ्यास त्याच्या बरोबर एक वर्ष आधी आला होता. त्यानंतरही संसदेत साधारण तेच उत्तर येत राहिले : मृत्यूंचा केवळ प्रदूषणाशी थेट संबंध जोडणारी निर्णायक माहिती उपलब्ध नाही. या उत्तराचा मला राग येतो, पण ते लिहिणारा अधिकारी हुशार आहे. माहिती कुठे असायला हवी होती, ते तो जाणतो. ती आपल्या सहीच्या कागदावर असायला हवी होती.

मृत्यूच्या कारणाचा नमुना ४ आपण सगळे भरतो. पहिल्या भागात तात्कालिक कारण, त्याखाली त्याचे कारण, त्याखाली मूळ कारण. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर अवस्था. प्रत्यक्षात रात्री दोन वाजता निवासी डॉक्टर पहिल्या ओळीत ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहितो आणि खालच्या ओळी कोऱ्या सोडतो. हृदय आणि श्वास बंद पडल्याशिवाय कोण मरतो, मित्रहो? ही नोंद म्हणजे माणूस मेला म्हणून मेला, एवढेच. आणि हे रुग्णालयात मेलेल्यांचे. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्श्याला वैद्यकीय कारणाचा दाखला असतो. बाकी बहुतेक घरी दगावतात, आणि पोलीस पाटलाच्या किंवा ग्रामसेवकाच्या वहीत ‘वृद्धापकाळ’ किंवा ‘दमा’ लागतो.

याचा परिणाम बघा. जुलै २०२४ मध्ये भारतातल्या दहा शहरांचा अभ्यास आला. त्यात मुंबई आणि पुणेही आहेत. २००८ ते २०१९ मधले सुमारे ३६ लाख मृत्यू तपासून त्यांतले ७.२ टक्के सूक्ष्म कणांशी निगडित ठरले. मुंबई, बंगळूर, चेन्नई अशा आपण तुलनेने बऱ्या हवेच्या समजतो त्या शहरांतही मृत्यू होते. मोलाचे काम. पण संशोधकांनी रोजचे एकूण मृत्यू मोजले, कोण कशाने गेले ते नाही. लाखो दाखले आणि उपयोगाला आली ती फक्त तारीख.

लंडनमध्ये एका बाबतीत वेगळे घडले. लुइशममधली नऊ वर्षांची एला अडू-किसी-डेब्रा २०१३च्या फेब्रुवारीत दम्याने गेली. पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेख नव्हता. आई मागे लागली. उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये कॉरोनरने तीन ओळी लिहिल्या : श्वसनक्रिया तीव्रपणे निकामी होणे, गंभीर दमा, हवेच्या प्रदूषणाशी संपर्क. ब्रिटनमध्ये मृत्यूच्या कारणात हवा लिहिली गेल्याची ती पहिली वेळ. ते शक्य झाले कारण दोन प्रकारचे कागद शाबूत होते : मुलीच्या प्रत्येक झटक्याची तारीखवार नोंद, आणि घराजवळच्या मापनकेंद्राचे तेवढ्याच काळाचे आकडे. एक श्वसनतज्ज्ञ ते दोन्ही शेजारी ठेवून बसला.

उद्यापासून प्रत्येक दाखल्यावर तिसऱ्या ओळीत ‘प्रदूषण’ लिहा, असे मी म्हणत नाही. ते अशास्त्रीय होईल, आणि पहिल्याच उलटतपासणीत वकील आपल्याला सोलून काढतील. एकाच रुग्णाच्या बाबतीत तंबाखू, क्षयाचे जुने व्रण, चूल आणि चिमणीचा धूर यांची वाटणी बहुधा करता येत नाही. पण ज्यावरून ती कधीतरी, कुणीतरी, हजारो रुग्णांच्या बाबतीत एकत्र करू शकेल, ती माहिती आपण फेकून देतो. केसपेपरवर ‘सिगारेट : नाही’ असे लिहिले की आपली चौकशी संपते. सत्तरीच्या बाईने चाळीस वर्षे फुंकणीने चूल पेटवली, हे विचारलेच जात नाही. सीओपीडी हा पुरुषी, विडीवाल्यांचा आजार ही समजूत आपल्या पिढीने वॉर्डात मोडीत निघताना पाहिली, पण छापील केसपेपर अजून जुन्याच समजुतीवर बेतलेला आहे. उज्ज्वला योजनेची शेगडी घरात आली आहे का, एवढेही पुरत नाही. सिलिंडर किती महिन्यांनी भरता, हे विचारल्यावर खरे उत्तर मिळते. रात्री मच्छर अगरबत्ती किंवा कॉइल लावता का, हेही विचारा. एका कॉइलच्या धुरात साधारण शंभर सिगारेटींइतके सूक्ष्म कण असतात.

बाहेरच्या दालनात हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचा स्टॉल आहे. चहापानाचा खर्च त्यांनी उचलला आहे, म्हणून मी जपून बोलतो. बंद खोलीत झोपणाऱ्या रुग्णाला त्या यंत्राचा थोडा उपयोग होतो. चौकात उभ्या वाहतूक पोलिसाला ते कुठे लावायला सांगणार, हे मात्र विक्रेत्याला विचारून पाहा. पालिकांनी रस्त्यावर पाण्याचे फवारे सोडणारी वाहने घेतली आहेत, त्यांचेही तसेच. मोठी धूळ खाली बसते, पीएम १० चा आकडा उतरतो, आणि स्वच्छ हवा कार्यक्रमात शहराची परीक्षा मुख्यतः पीएम १० वरच होते. फुप्फुसाच्या तळाशी जाणारा कण धुरातून येतो, कोळशातून, डिझेलमधून, जळत्या कचऱ्यातून. तो फवाऱ्याला जुमानत नाही.

कार्यकारिणीपुढे म्हणून मी एकच प्रस्ताव ठेवला आहे. केसपेपरच्या पहिल्या पानावर चार जादा रकाने : राहण्याचे ठिकाण आणि तिथली वर्षे, आजवर केलेली कामे, स्वयंपाकाचे इंधन, आणि घरापासून मोठा रस्ता, खाण, भट्टी किंवा चिमणी किती दूर. चारही रकाने नर्सला भरता येतील असे असावेत, डॉक्टरची वाट पाहायला लागू नये. सोबत, नमुना ४ च्या तिन्ही ओळी भरण्याचे प्रशिक्षण इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यातच व्हावे, यासाठी आरोग्य विद्यापीठाला पत्र. सुरुवात चंद्रपूर, नागपूर, डोंबिवली आणि पुणे इथल्या ज्या सभासदांची तयारी असेल त्यांच्या दवाखान्यांपासून. रुग्णाचे नाव बाहेर जाणार नाही, याची तजवीज आराखड्यात आहे.

खाजगी व्यवसायातल्या मित्रांची तक्रार मला आधीच पोहोचली आहे : ओपीडीत रुग्णामागे चार मिनिटे मिळतात, त्यात आणखी चार रकाने कसे भरायचे. तक्रार खोटी नाही. म्हणूनच मसुदा मुद्दाम कच्चा ठेवला आहे. उद्या सकाळी साडेनऊच्या सत्राआधी तो सगळ्यांच्या हातात पडेल. कोणता रकाना गाळायचा ते लेखी द्या, आणि त्याच्या जागी काय विचारायचे तेही त्याच चिठ्ठीवर लिहा. दुपारी मतदान आहे.