नगावरची मजुरी, तासांचा हिशेब

मैत्रिणींनो, उल्हासनगरच्या वस्त्यांत जीन्सचे धागे कापणाऱ्या बायांना मी विचारते, किमान वेतन मिळतं का? उत्तर येतं, "आम्हाला नगावर मिळतं, ताई." जणू नगावरचं काम कायद्याबाहेरचं!

१९४८ च्या किमान वेतन कायद्यात होतं, आताच्या वेतन संहितेतही आहे : नगाचा किमान दर ठरलेला नसेल, तर वेळेच्या किमान दराहून कमी मजुरी देता येत नाही. १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं वेठबिगारीच ठरवलं.

पण घरात तास मोजतं कोण? 'फावल्या वेळचं काम' म्हणून मालक आपल्याला कामगारच मानत नाही. म्हणून अंबरनाथ, बदलापूरच्या गटांनीही वही घालावी : नग किती, तास किती, पैसे किती. भांडायला तोच पुरावा.