न्यूमोनिया गेला, खोकला राहिला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी "आरोग्यावर दोन शब्द बोला" म्हटले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. सातवी शिकलेल्या बाईने आरोग्यावर काय बोलावे? पण माझ्या धाकट्याच्या खोकल्याने मला जे शिकवले, ते सांगते.

२०१२ च्या पावसात तो दीड वर्षाचा होता. न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात राहून घरी आलो. ताप गेला, खोकला मात्र राहिला. ओला, छातीत घुरघुरणारा, पहाटे जास्त. सासूबाई म्हणाल्या, "पावसात पोरांक खोकलो येतलोच." मलाही ते ऐकून बरे वाटले. अडुळसा झाला, आल्याचा रस झाला, देवळात गाऱ्हाणे झाले. एका डॉक्टरांनी दमा म्हणून पंप दिला. असे दोन पावसाळे गेले. पोर अंग धरीना, बोटांची टोके गोल, फुगीर दिसू लागली. रोज न्हाऊ घालताना मी ती पाहत होते आणि मला काही सुचले नाही, हे अजून बोचते.

२०१४ साली त्याला बांबोळीला नेले. क्षयाची तपासणी झाली, क्षय नव्हता. मग सीटी स्कॅन काढला. डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या श्वासनळ्या रुंद आणि ढिल्या झाल्या होत्या. याला ब्राँकायक्टेसिस म्हणतात. न्यूमोनिया, गोवर, डांग्या खोकला यांच्या मागून हे दुखणे येऊ शकते. बागेतल्या पाटाची कड ढासळली की तिथे पाणी तुंबते, गाळ साचतो; तसा नळीत कफ साचतो, त्यात जंतू वाढतात आणि नळी आणखी बिघडते. लवकर ओळखले तर लहान मुलांच्या नळ्या सुधारूही शकतात. आम्हांला उशीर झाला होता.

याचा उपचार म्हणजे नुसती औषधाची बाटली नव्हे. कफ रोज बाहेर काढायचा. सकाळी न्याहारीपूर्वी आणि संध्याकाळी जेवणापूर्वी मी त्याला उजव्या कुशीवर निजवी आणि हात पसा धरल्यासारखा पोकळ करून डाव्या बरगड्यांवर, कपड्यावरून, दहा मिनिटे थोपटी. आवाज पोकळ यावा, चापटीसारखा नव्हे. मोठा झाल्यावर तो दीर्घ श्वास घेऊन, आरसा धुरकट करावा तसा तोंड उघडून 'हाऽ' करू लागला. मग खोकून थुंकायचे. खोकला दाबणारे औषध बंद केले. खोकला वाढला, कफ पिवळा-हिरवा झाला की डॉक्टर दोन आठवड्यांचे जंतुनाशक औषध देत. पाचव्या दिवशी पोर खेळू लागले, म्हणून मी ते एकदा थांबवले आणि पुन्हा तापात पडले.

आणखी एक, धूर. स्वयंपाक गॅसवर, पण आंघोळीचे पाणी ओल्या सोडणांवर आणि चुडतांवर! ती चूल मागील दारी हलवली. घरातली विडी बंद करायला मात्र चूल हलवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. (हशा)

मुळात न्यूमोनिया वेळीच ओळखावा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले, तर थांबू नये. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसूही नये, तडक निघावे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवले, औषधही त्यांच्या हाती दिले आणि बालमृत्यू घटले. १९९० साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. आपल्याला घड्याळ पाहून श्वास मोजता येणार नाहीत काय? लसीही चुकवू नयेत. न्यूमोनियावरची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी लसीकरणात फुकट मिळते. माझ्या मुलाच्या वेळी ती तशी नव्हती.

आता तो हायस्कुलात जातो, पळतो, पोहतो. फुफ्फुसाचा तो कोपरा मात्र बिघडला तो बिघडलाच. अजून रोज थोपटावे लागते.

ज्यांच्या मुलाचा ओला खोकला चार आठवड्यांच्या वर गेला आहे, त्यांनी ओरोसला जाऊन दाखवावे. हात पोकळ कसा धरायचा ते पाहायचे असेल, तर चहानंतर मी मागच्या पडवीत आहे. उशी आणली आहे.